आठ लिटर पाणी

आमचं लग्न व्हायच्या चार दिवस आधी ते आमच्या घरात फरशीवर पसरलेलं होतं. जुनी चादर अंथरून तिच्यावर आम्ही लग्नाला लागणारी प्रत्येक वस्तू मांडली होती, माझा ड्रेस, त्याचा सूट, दोन जोड चालायचे बूट, अंगठ्या, दोन हेडटॉर्च, लोकरीच्या टोप्या, सनस्क्रीन, मोठ्या दातांचा प्लॅस्टिकचा कंगवा, चिमटा, कागदपत्रांची झिपवाली पिशवी, आणि बाजूला भिंतीला टेकवून पाण्याच्या ८ बाटल्या. बॅगा तोलायचा हुकवाला छोटा काटा असतो ना, तो हातात धरून नवरा (तेव्हा अजून व्हायचा होता) एकेक वस्तू अडकवायचा, आकडा वाचायचा आणि मी वहीत लिहायचे. ड्रेस १ किलो ९०० ग्रॅम. सूट बुटांसकट अडीच किलो. पाणी ८ किलो. तो आकडा लिहिला आणि मी पेन खाली ठेवलं, कारण तोपर्यंत माझ्या डोक्यात होतं की आपण लग्नाचे कपडे घेऊन वाळवंटात चाललोय, आणि वही सांगत होती की आपण पाणी घेऊन चाललोय आणि त्याच्याबरोबर थोडे कपडे.

त्यानंतर आतापर्यंत तीन मैत्रिणींनी मला विचारलंय की अशा लग्नाला न्यायचं काय काय, जरा यादी पाठव ना. यादी पाठवतेच मी. पण प्रत्येक वेळी पाठवल्यावर चुटपूट लागते, की अगं यातल्या निम्म्या ओळी का आहेत ते सांगायचं राहिलं. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

दोघांनीच दूर जाऊन केलेल्या अशा लग्नाला मराठीत आपल्याकडे एकच शब्दप्रयोग आहे, पळून जाऊन लग्न करणं. त्यात पळणं आहे, म्हणजे मागे कोणीतरी लागलंय, रात्रीची वेळ आहे, खिडकी आहे, असं काहीतरी डोळ्यासमोर येतं. आमच्या मागे कोणीच लागलं नव्हतं. दोन्ही घरांना आम्ही पसंत होतो. तरी आम्हाला दोघांनाच जायचं होतं, उघड्यावर, जिथे चार दिशांना काहीच नाही अशा जागी, आणि त्याचं कारण सांगायचं तर मला गर्दीत ऐकू येत नाही. कान चांगले आहेत माझे. पण आजूबाजूला पन्नास माणसं असली की मी त्या पन्नास जणांकडेच बघत बसते, कोणाला खुर्ची मिळाली, कोण रुसलंय, कोण एकटं उभंय, आणि समोरचा माणूस माझ्याशी काय बोलला ते मला घरी आल्यावर आठवत नाही. आयुष्यात एकदा, लग्नाच्या शपथेचं ते वाक्य मला पूर्ण ऐकायचं होतं. आता याला लोक इलोपमेंट म्हणतात, त्यात पळणं वगैरे उरलेलं नाही, ठरवून, महिनोन्महिने प्लॅन करून केलेलं अगदी छोटं लग्न असतं ते. शब्द राहिला, अर्थ सरकला.

तर पाणी. वाळवंटात दिवसाला माणशी साधारण ४ लिटर हा कमीत कमी आकडा धरतात. अमेरिकेतली नॅशनल पार्क सर्व्हिस वाळवंटातल्या उद्यानांमध्ये येणाऱ्यांना माणशी रोज एक गॅलन सांगते, म्हणजे पावणेचार लिटरच्या जरा वर, आणि चालणार असाल तर त्याहून जास्त. लिटरला किलो, दोघांचे ८ किलो, यातून सुटका नाही. आम्हाला पहाटे निघून दहापर्यंत परत यायचं होतं, चालणं एका बाजूचं २ किलोमीटर, त्यामुळे ४ लिटर पुरतील असा माझा युक्तिवाद होता, उरलेले गाडीत ठेवू. नवरा ऐकायला तयार नाही. म्हणाला, गाडीपर्यंत पोचता आलं नाही तर? आणि त्याचं बरोबर होतं, कारण कोरड्या हवेत घाम येतो आणि आल्या आल्या उडून जातो, अंग कोरडंच लागतं, आपल्याला वाटतं आपण मस्त आहोत आणि शरीरातलं पाणी चाललेलंच असतं. दमट हवेत घाम निथळतो, निदान कळतं तरी. इथे कळत नाही. मग आम्ही ठरवलं की ८ लिटर पाठीवर आणि शिवाय १० लिटरचा कॅन गाडीत, जो काही झालं तरी उघडायचा नाही. नुसतं पाणीही ढोसून चालत नाही हं, मीठ पण लागतं, मीठ न घेता पाणीच पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं आणि ते सुद्धा जिवावर बेतू शकतं. म्हणून क्षारांची पावडर आणि काहीतरी खारट खायला, हे दोन्ही पाण्याच्याच कप्प्यात भरायचं, म्हणजे पाणी काढलं की ते आपोआप हाताला लागतं.

पाठीवरचे ते ८ किलो ठरले आणि बाकीचं सगळं त्याच्या धाकात आलं. माझा पहिला ड्रेस परत केला मी. त्याला खाली जाळी होती, चार थर, आणि लेसची किनार. फोटोत फार सुंदर दिसायची ती लेस, पण वाळवंटात जे काही उगवतं ते काटेरी असतं, आणि लेस आणि जाळी म्हणजे काट्यांना आमंत्रणच, दहा पावलांत चिंध्या. दुसरा घेतला तो साध्या विणीचा, अंगाला न चिकटणारा, पाय मोकळे टाकता येतील असा, चुरगळला तरी हाताने झटकून बरा दिसेल असा. तो आम्ही घडी न घालता सुरळी केला, आत पातळ कागद घातले, सुती पिशवीत घालून बॅगेत सगळ्यात वर ठेवला. अंगावर घालून चालत जायचं नाही हे पक्कं होतं. चालताना साधे कपडे, लांब बाह्या, लांब पँट, आणि तिथे पोचल्यावर मोठी चादर धरून आडोसा करून कपडे बदलायचे. ती चादर म्हणजे तीच, फरशीवर अंथरलेली. तिचा पुढे आणखी एक उपयोग झाला, सांगते.

वाळूची भीती मला उगाच वाटत होती. कोरडी वाळू कपड्याला धरत नाही, झटकली की जाते. आणि मुळात वाळवंट म्हणजे सगळीकडे वाळूच असते हेही खरं नाही, जगातल्या वाळवंटांचा जेमतेम पाचवा भाग वाळूने झाकलेला आहे, बाकी खडक, खडी, कडक माती, मिठाचे पांढरे पट्टे. त्यामुळे पायात काय घालायचं हे 'वाळवंट' या शब्दावरून ठरवता येत नाही, त्या त्या जागेवरून ठरतं. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या व्हाइट सँड्सची वाळू जिप्समची, पांढरीशुभ्र, ती उन्हातही फारशी तापत नाही, लोक अनवाणी चालतात. साध्या गारगोटीच्या वाळूवर भर दुपारी तसं चाललात तर तळपाय भाजतील. सुंदर चपला न्याव्यात का? न्या, फोटोपुरत्या, पिशवीत. आम्ही नाही नेल्या. ड्रेसखाली माझे मळके चालायचे बूट होते आणि ते फोटोत दिसतात आणि मला ते फोटो सगळ्यात जास्त आवडतात.

वाळवंट म्हटलं की सगळे उन्हाचीच तयारी करतात. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं, तो आकडा अजूनही सगळीकडे सांगितला जातो, आणि असं काहीतरी वाचलं की माणूस सनस्क्रीनच्या तीन बाटल्या भरतो आणि स्वेटर विसरतो. हवेत बाष्प नाही, वर ढग नाहीत, त्यामुळे दिवसा जमिनीने घेतलेली उष्णता रात्री सरळ आकाशात निघून जाते, अडवायला काही नसतं. दिवसा आणि पहाटे यांच्यात १५-२० अंशांचा फरक सहज पडतो. आणि गोबीसारख्या वाळवंटात तर हिवाळ्यात उणे ४० पर्यंत जातं, म्हणजे वाळवंट आणि उष्णता ही जोडी आपणच लावलेली आहे, व्याख्या पावसावरून होते, गरमीवरून नाही. आम्ही निघालो तेव्हा पहाटे साडेचारला थर्मामीटर ४ अंश दाखवत होता. लोकरीच्या टोप्या, हातमोजे, जाड जॅकेट, सगळं अंगावर. नऊ वाजता तेच सगळं बॅगेत आणि अंगावर पातळ सुती. म्हणून कपडे थरांचे हवेत, एकावर एक चढवता-उतरवता येतील असे, आणि हे नवरीच्या ड्रेसलाही लागू आहे, आत घालायला उबदार आणि बाहेरून दिसणार नाही असं काहीतरी घ्याच. थंडीने दात वाजत असताना ते वाक्य कसं म्हणणार?

उन्हाचं म्हणाल तर सनस्क्रीन कपडे बदलायच्या आधी लावायचं, नंतर लावलं तर ड्रेसच्या गळ्याला डाग. आणि उंचावरचं वाळवंट असेल तर आणखी जपायचं, दर १,००० मीटर चढल्यावर अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि कोरडी वाळू वरून आलेल्यातली काही परत वर फेकते, त्यामुळे हनुवटीखाली, कानामागे, नाकाच्या खालच्या बाजूला पण लावायचं. मी नाही लावलं हनुवटीखाली. चार दिवस आग आग होत होती.

वारा हा विषय मला स्वतंत्र लिहावासा वाटतो. जमीन तापायला लागली की वारा उठतो, दुपारनंतर तर बोलायची सोय नाही, आणि पहाट बहुतेक वेळा शांत असते, आम्ही सूर्योदय निवडला त्यामागे उजेडाइतकाच वाराही होता. सूर्य उगवायच्या अर्धा तास आधी, तो क्षितिजाखाली ६ अंशांवर आला की टॉर्चशिवाय माणसाचा चेहरा दिसायला लागतो, सगळीकडे निळसर उजेड, सावली कुठेच नाही. त्या अर्ध्या तासात कपडे बदलायचे, आणि पहिलं ऊन आलं की सुरुवात करायची, असं आम्ही ठरवलं होतं. पण शांत म्हणजे बिनवाऱ्याची नाही. वेल, म्हणजे नवरीच्या डोक्यावरची पातळ जाळीची ओढणी, घेणार असाल तर खालच्या काठाला आतून छोटी वजनं शिवून घ्या नाहीतर ती सरळ तोंडावर येते. सुटे कागद नेऊच नका. आमच्या शपथा आम्ही दोघांनी पुठ्ठ्याच्या छोट्या वहीत लिहिल्या होत्या, प्रत्येक पानाला रबरबँड. मेणबत्त्या, कंदील, आग लागू शकेल असलं काही नाही, बहुतेक संरक्षित जागांवर बंदीच असते आणि नसली तरी कोरड्या झुडपांच्या मधोमध मला ते धाडस झालं नसतं.

अंगठ्यांची गोष्ट सांगते. उष्णतेने बोटं सुजतात आणि थंडीने आकसतात, म्हणजे घरात बरोबर बसलेली अंगठी पहाटे सैल आणि दुपारी घट्ट. नवऱ्याची बोटं मुळातच बारीक. वाळूत अंगठी पडली तर ती दिसेल ही आशा सोडा. म्हणून घरीच दोन्ही अंगठ्यांना एक लांब लाल दोरा बांधला, दोऱ्याचं दुसरं टोक त्याच्या खिशाच्या बटणाला, आणि उभं राहायच्या जागी पायाखाली ती चादर. अंगठी बोटात गेली की मगच दोरा कापायचा. कापायला छोटी कात्री, फर्स्ट एड बॉक्समधली. लग्नात दोरा कापायचा असा काही विधी नसतो पण आमच्यात झाला तो. थंडीने त्याचे हात थरथरत होते, कात्री दोनदा घसरली, आणि मी त्याच्या मनगटाखाली माझा तळहात धरला. दोरा अजून आहे माझ्याकडे.

कागदपत्रं हा कंटाळवाणा भाग आहे पण तो आधी उरकायचा, कारण नियम जागेप्रमाणे बदलतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात जोडपं स्वतःच स्वतःचं लग्न लावू शकतं, लावणारा लागत नाही, साक्षीदारही लागत नाही. नेवाडात लावणाऱ्याखेरीज एक साक्षीदार लागतोच. शिवाय जागा संरक्षित असेल तर बहुतेक ठिकाणी परमिट, ते माणसं किती, गाड्या किती हे विचारतं, आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवायची, फोनवर दाखवू म्हणाल तर फोनला नेटवर्क नसतं. फोन तसाही भरवशाचा नाही, तो ३५ अंशांच्या वर तापून हात वर करू शकतो आणि थंडीत बॅटरी झरझर उतरते, आणि सिग्नल शोधत बसला तर आणखी उतरते. विमान मोडवर टाकून, कपड्यात गुंडाळून ठेवायचा. नकाशा आधी डाऊनलोड करून. मूळ कागद आम्ही गाडीतच ठेवले, झिपच्या पिशवीत, आणि सह्या परत आल्यावर गाडीच्या बॉनेटवर केल्या.

जागेचं नाव मी लिहिणार नाहीये. कोणी विचारलं तरी सांगत नाही, रागावू नका. कारण तिथली जमीन. काही वाळवंटांत मातीवर एक काळसर, खडबडीत, खपलीसारखा थर दिसतो, तो जिवंत असतो, सूक्ष्म जीव, शेवाळ, दगडफूल सगळं मिळून माती धरून ठेवतात, वाऱ्याने उडू देत नाहीत. एक पाऊल पडलं की तो चुरा होतो आणि परत धरायला कित्येक वर्षं, कधी कधी दशकं लागतात. लग्नाचा एक फोटो गाजतो, त्याखाली जागा लिहिलेली असते, मग त्याच खडकासमोर उभं राहायला शेकडो जोडपी येतात आणि शेकडो जण दोन पावलं मागे सरकतात, फ्रेममध्ये सगळं यावं म्हणून. ती दोन पावलं त्या थरावर पडतात. आम्ही पायवाटेवरून, खडकावरून आणि कोरड्या ओढ्याच्या वाळूतून चाललो, आणि ओढ्यातून चालताना आधी दूरवरच्या डोंगरांचा सुद्धा हवामान अंदाज बघितला, कारण आपल्या डोक्यावर निरभ्र असतानाही लांब कुठेतरी झालेल्या पावसाचं पाणी त्या कोरड्या ओढ्यातून लोंढ्यासारखं येतं.

फुलं म्हणूनच आम्ही बेतानेच नेली. पाकळ्या उधळणं, धान्य टाकणं, चमचमते कागद, काहीच नाही. सुटलेली एक पाकळी सुद्धा परत आणायची असते. आणि ताज्या फुलांबरोबर कुठलं बी जाईल सांगता येत नाही. छोटा गुच्छ, देठांना ओलं फडकं, वर प्लॅस्टिक, बर्फाच्या पिशवीशेजारी. तो दोन तास टिकला, मग मलूल झाला, मग तसाच घरी आला आणि आता वहीत दाबून ठेवलाय. आणखी एक गोष्ट, कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते, संडासची सोय. तिथे खड्डा करून भागत नाही, कोरड्या मातीत काही लवकर कुजत नाही, त्यासाठी मिळणाऱ्या बंद पिशव्या नेऊन सगळं परत आणायचं असतं. नवरीच्या बॅगेत ती पिशवी असणारच. लाजू नका, आणि ड्रेस घालायच्या आधी जाऊन या.

आता कंगवा.

पहाटे आम्ही चौघं चालत होतो, आम्ही दोघं, लग्न लावून देणाऱ्या बाई आणि फोटोग्राफर, जो साक्षीदारही होता. बूट घालायच्या आधी झटकून घेतले होते, विंचू आत बसतात म्हणून. (जांभळ्या, अतिनील प्रकाशाच्या टॉर्चमध्ये विंचू हिरवट निळे चमकतात, आदल्या रात्री एक बघितला आम्ही, खडकाच्या फटीत, इतका सुंदर की मी बराच वेळ हललेच नाही.) शेवटच्या वळणावर चोया नावाच्या निवडुंगाची झाडं होती. त्याचे तुकडे इतक्या हलक्या जोडाने लागलेले असतात की नुसतं घासलं तरी सुटून अंगाला चिकटतात, लोक म्हणतात उडी मारतो. एक तुकडा नवऱ्याच्या पोटरीला बसला, पँटवरून आत. तो जागच्या जागी थांबला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, कंगवा.

हाताने ओढायचा नसतो तो. काट्यांना मागे वळलेले सूक्ष्म खवले असतात, ओढाल तर हाताला चिकटतो. कंगव्याचे दात तुकडा आणि कातडी यांच्या मधे घालायचे आणि एका झटक्यात बाहेर उडवायचा, ज्या दिशेला कोणी उभं नाही त्या दिशेला. मी गुडघ्यावर बसले. हेडटॉर्चच्या उजेडात त्याची पोटरी, लिंबाएवढा गोळा, पिवळट पांढरे काटे, इतके दाट की आतलं हिरवं दिसत नव्हतं. कंगवा सरकवला, मोजलं एक दोन तीन, आणि उडवला. त्याने श्वास आत घेतलेला ऐकू आला. मग राहिलेले काटे चिमट्याने एकेक करून, सतरा निघाले, मोजले मी. पाण्याने धुतलं. अर्धा लिटर गेलं त्यात. बाकी दोघं थोडे पुढे जाऊन पाठ करून उभे राहिले होते, पूर्वेकडे फटफटायला लागलं होतं, आणि मी त्याचा पाय मांडीवर घेऊन बसले होते, आणि तो म्हणाला, हे जे तू आत्ता करतेयस ना, हेच मी वहीत लिहायचा प्रयत्न करत होतो. मी पूर्ण ऐकलं ते. एक शब्द सुटला नाही.

पुढे जे झालं ते आमचं आहे, ते लिहीत नाही.

पण यादीतली शेवटची ओळ राहिली, आणि तिच्यासाठी खरं तर हे सगळं लिहिलं. वाळवंटात जाण्याचा पहिला नियम, पाण्याच्याही आधीचा, असा की कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत परत येऊ हे मागे राहणाऱ्या एका माणसाला सांगायचं. लेखी. गाडीचा नंबर, रंग, कुठे लावणार, कुठल्या वाटेने चालणार, किती जण, किती पाणी, आणि अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं. त्याच्याशिवाय शोधायला येणाऱ्यांना दिशाच कळत नाही. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, तिथेच सावलीत थांबायचं, हे पण त्या भरवशावरच, की कोणालातरी माहीत आहे आपण कुठे आहोत.

आणि आम्ही कोणालाच सांगितलेलं नव्हतं. लग्न करणार आहोत हे माहीत होतं सगळ्यांना, कधी आणि कुठे ते नाही, परत आल्यावर सांगू असं ठरलं होतं. त्या चादरीपाशी बसून मी वहीत ती ओळ लिहिली, 'एका माणसाला सांगणे', आणि तिच्यापुढे बराच वेळ काही लिहिलं नाही. मैत्रिणीचं नाव घालता आलं असतं. नवरा काही बोलला नाही, काटा गुंडाळून ठेवत बसला. मग मी बाबा असं लिहिलं.

बाबांना मी फोन केला दुसऱ्या दिवशी, ते एकटे असतात त्या वेळेला. सगळं सांगितलं, वार, वेळ, जागा. म्हटलं, बाबा, तुम्हाला बोलवत नाहीये याचं वाईट वाटून घेऊ नका, पण साडेदहापर्यंत माझा मेसेज आला नाही तर काय करायचं ते मी लिहून पाठवतेय. पलीकडे शांतता. माझ्या मनात शंभर वाक्यं तयार होती, प्रत्येकाला उत्तर तयार होतं. ते म्हणाले, "पाणी किती घेतलंयस?"

मी म्हटलं ८ लिटर पाठीवर, गाडीत १० वेगळं.

"बरं. आणि ते पाठवतेस ना ते मोठ्या अक्षरात पाठव, मी छापून घेतो."

बस, एवढंच. आईला सांगू का, हे सुद्धा त्यांनी मलाच विचारलं, आणि मी म्हटलं तुम्हीच ठरवा, आणि नंतर कळलं की त्यांनी आईला सांगितलं होतं आणि दोघं तो कागद मधे ठेवून बसले होते, घड्याळाकडे बघत. म्हणजे आमच्या लग्नाला ते दोघं होते असं मी म्हणते आता. कोणी हसलं तरी म्हणते.

परत येताना नेटवर्क यायला गाडीने अर्धा तास लागला. एका चढावर फोन एकदम थरथरला, दहा वाजून सतरा मिनिटं झाली होती. मी अजून ड्रेसमध्येच होते, मांडीवर मलूल गुच्छ, पायाशी बाटल्या घरंगळत होत्या. टाईप केलं, बाबा, झालं, दोघं ठीक आहोत, गाडीत आहोत. लगेच निळ्या खुणा आल्या, म्हणजे ते फोन हातात धरूनच बसले होते. टाईप होतंय असं किती तरी वेळ दिसत राहिलं, थांबलं, परत दिसायला लागलं. ते एका बोटाने टाईप करतात.

मग आलं, "अभिनंदन बाळा. पाणी उरलं का?"

मी वाकून पायाशी बाटल्या मोजल्या आणि लिहिलं, ३ लिटर उरलं.